मुलांच्या मापाची सहल

आठवड्याची सुटी ही आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणीतरी झगडून मिळविलेली वस्तू आहे याची आठवणही आपल्याला राहत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी काही वर्षे चळवळ केली, तेव्हा कोठे १८९० साली रविवार कामगारांच्या पदरात पडला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला तो १९८५ साली. म्हणजे रविवारला शनिवारची जोड मिळावयास आणखी पंचाण्णव वर्षे जावी लागली. एवढ्या सायासाने हाती आलेल्या या दोन दिवसांचे आपण काय करतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. घरात मुले लहान असली म्हणजे त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. कोणीतरी म्हणते, ‘कोठेतरी जाऊन येऊ या.’ आणि मग दोन दिवस जाऊन येण्यातच संपतात. जातो ते आपण. मुले नेली जातात. या दोहोंत किती अंतर आहे हे मला जरा महागात पडून समजले. तेच आज सांगावयाचे आहे.

माझे वास्तव्य इंदूरचे. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार यांच्यामागोमाग जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात आज मराठी आणि अंगणात हिंदी किंवा माळवी बोलली जाते. अशा घरांत ‘मांडू’ हे नाव क्वचितच ऐकू येते. आमच्या तोंडी ‘मांडवगड’च असतो. इंदूरहून धारमार्गे तो सुमारे शंभर किलोमीटर आहे. विंध्य पर्वताच्या अगदी कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर हे पठार पसरले आहे. काकडा खोह नावाच्या खोल दरीने ते माळव्याच्या भूमीपासून वेगळे केले आहे आणि दक्षिणेकडे तर कडा असा तुटला आहे, की खाली निमाडचे मैदान आणि त्यातून वाहणारी नर्मदा एकदम दृष्टीस पडावी. इ. स. १४०६ ते १४३५ या काळात माळव्यावर राज्य करणाऱ्या होशंगशहाने धारची राजधानी येथे हलविली. पुढे या नगरीला ‘शादियाबाद’, म्हणजे आनंदनगरी, असे नाव मिळाले. मशिदी, महाल, तलाव, विहिरी, दरवाजे यांची येथे इतकी दाटी आहे, की जाणकाराला आठवडाही पुरू नये.

मला दोन दिवसांत ते सारे उरकावयाचे होते. ‘उरकणे’ हा शब्द मी जाणून वापरतो आहे. ज्याच्या टेबलावर रोज कागदांचा ढीग येतो आणि संध्याकाळी तो किती कमी झाला यावर ज्याच्या दिवसाची किंमत ठरते, त्याला सुटीतही वेगळी दृष्टी येत नाही. तीन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही निघालो तेव्हा मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा होता. माझ्या खिशात अठरा स्थळांची यादी होती आणि प्रत्येकापुढे वेळ मांडलेली होती. पत्नीने ती पाहिली आणि एवढेच विचारले, ‘‘अहो, यात मुलांना भूक कधी लागायची आहे?’’ मी हसलो. ते हसणे आज मला आठवावेसे वाटत नाही.

लवकर निघावे म्हणून मुलांना पहाटे झोपेतून उचलून मोटारीत घातले होते. धार सुटल्यावर गडाकडे जाणारी वळणे लागली, तशी मुलाला दोनदा ओकारी झाली. पोहोचलो तेव्हा ऊन चढू लागले होते, पण यादीप्रमाणे आम्हांला अगोदरच उशीर झाला होता. म्हणून जामी मशीद पाहून आम्ही होशंगशहाच्या मकबऱ्यात शिरलो. संगमरवरी मकबऱ्यांपैकी आपल्या देशातला हा फार जुना मकबरा. १६५९ साली शहाजहानच्या पदरचे कारागीर तो पाहावयास आले होते. दाराशी तसा शिलालेख आहे आणि त्यात उस्ताद हमीद याचे नाव आहे. हे सर्व मी मुलीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सांगून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘बाबा, तहान लागली.’’ मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. मला वाटले, बरे झाले, आता हिंडता येईल.

तसे आम्ही हिंडलो. दुपारी दोन वाजता हिंडोळा महालाच्या तिरप्या भिंतींची मापे मी वाचून दाखवीत असता पत्नीने मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि यादी तेथेच संपली. त्याची जीभ कोरडी पडली होती. तो रडत होता, पण डोळ्यांत पाणी येत नव्हते. सकाळपासून त्याने लघवी केलेली नाही हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. अठरा स्थळांचा हिशोब ठेवणाऱ्या बापाला ही एक गोष्ट मोजावयाची सुचली नव्हती.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली. मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी त्यांनी मोजून घेतलेल्या, उकळून निवविलेल्या पाण्यात विरघळविली आणि चमचा पत्नीच्या हाती देऊन सांगितले, ‘‘एकदम पाजू नका. दोन-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकलाच तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा.’’ ती संध्याकाळ आणि अर्धी रात्र आम्ही दोघे पाळीपाळीने तो चमचा धरून बसलो. मध्यरात्रीच्या सुमारास मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘बाबा, शू.’’ आयुष्यात पुष्कळ चांगल्या वार्ता ऐकल्या, पण त्या शब्दाची सर त्यांतल्या एकीलाही नाही.

श्रोतेहो, या साध्या पाण्याचीही हकीकत कळण्याजोगी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली. शिरेवाटे द्यावयाचे क्षारजल अपुरे पडू लागले, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर अवलंबिला आणि असंख्य प्राण वाचले. साखर बरोबर असली म्हणजे आतड्यात मीठ शोषले जाते आणि मिठापाठोपाठ पाणी शोषले जाते, हे त्यातले मर्म. पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. मीठ मात्र अंदाजाने वाढवू नये. आणि मूल सुस्त होऊन पीतच नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

परत आल्यावर मी पुष्कळ विचार केला. चूक उन्हाची नव्हती, वळणांचीही नव्हती. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती, अशी माझी समजूत होती आणि चूक त्या समजुतीत होती. मुलाचे शरीरच निराळ्या मापाचे असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक, म्हणून भोवतालच्या उन्हाने ते लवकर तापते. घामही त्याला आपल्यापेक्षा कमी येतो. खेळाच्या किंवा थकव्याच्या भरात तहान लागल्याचे ते सांगत नाही. तेव्हा त्याने पाणी मागण्याची वाट न पाहता ते अधूनमधून पुढे करावे लागते. वळणावर ओकारी का होते, याचेही कारण आहे. शरीर डोलते आहे हे कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते. पण मागच्या आसनावर खाली बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना दिसते ती समोरच्या आसनाची स्थिर पाठ. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. साधारण दोन ते बारा वर्षांपर्यंत हा त्रास अधिक असतो. मुलाला दूरचा रस्ता दिसेल असे बसवावे, हातात पुस्तक किंवा फोन देऊ नये, निघताना पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही नसावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि घाट लागण्यापूर्वी एकदा थांबावे. एवढ्यानेही बरेच काम भागते.

शरीराप्रमाणे मुलाचे अंतर आणि वेळही निराळे असतात. आपण किलोमीटर मोजतो. मूल दोन खाण्यांमधला अवकाश मोजते. तेव्हा दोन दिवसांच्या सहलीचे ठिकाण तीन तासांपलीकडे नसावे, असे आम्ही ठरविले. याहून लांब गेले, तर एकूण जागेपणीचा बराच हिस्सा वाहनातच जातो. सकाळी एक गोष्ट पाहावी, संध्याकाळी एक पाहावी आणि मधली दुपार मोकळी सोडावी, हा दुसरा नियम. झोपेची वेळ घरची तीच ठेवावी, हा तिसरा. परक्या ठिकाणी मूल रात्री किरकिरते ते हट्टाने नव्हे. खोली, अंथरूण, वास सारेच अनोळखी असते. त्याची रोजची गोधडी आणि जेवणाची वाटी बरोबर नेली, तर ते अनोळखीपण निम्म्याने कमी होते. खाण्याचेही तसेच आहे. दशम्या, मेतकूट आणि गुळपापडीच्या वड्या एवढे घरचे बरोबर असले, म्हणजे तेथला एखादा नवा पदार्थ मूल आपण होऊन चाखून पाहते.

त्याच वर्षी श्रावणात आम्ही पुन्हा मांडवगडावर गेलो. खरे सांगावयाचे तर माझे मन तयार नव्हते. पण त्या गडाची मुलांना एवढीच आठवण राहू नये, असे पत्नीचे म्हणणे होते. या वेळी यादी तिने केली. तिच्यात तीनच नावे होती.

मांडवगड पाहावा तो पावसाळ्यातच. १६१७ साली जहांगीर बादशहा येथे येऊन राहिला होता आणि आपल्या आठवणींत त्याने येथल्या वर्षाऋतूची मनापासून वाखाणणी केली आहे. एप्रिलमध्ये जे जहाज कोरड्यावर लागल्यासारखे दिसले होते, ते आता पाण्यावर होते. जहाजमहाल हा सुमारे १२० मीटर लांब आणि त्या मानाने फारच अरुंद. एका बाजूस मुंज तलाव, दुसऱ्या बाजूस कपूर तलाव. ग्यासुद्दिन खिलजीच्या, म्हणजे १४६९ ते १५०० या काळात तो बांधला गेला असे सामान्यतः मानतात. दोन्ही तलाव भरले, म्हणजे गच्चीवर उभ्या राहिलेल्या माणसाला इमारत पाण्यातून चालली आहे असे वाटते. हे मी मुलांना सांगितले नाही. मुलगा आपण होऊनच म्हणाला, ‘‘बाबा, हे कुठे जाते?’’

मग दोन तास आम्ही तेथेच होतो. गच्चीवरच्या हौदाकडे पाणी नेण्यासाठी दगडात एक नाली कोरलेली आहे. ती सरळ जात नाही. मध्येच चक्राकार वेढे घेते. वेढ्यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ मागे राहतो आणि हौदात स्वच्छ पाणी पडते, असे सांगतात. पावसाचे पाणी तिच्यातून वाहत होते. मुलीने वाऱ्याने पडलेले एक पान त्यात सोडले. ते फिरत फिरत बाहेर पडले, तशी तिने ते उचलले आणि पुन्हा वर नेऊन सोडले. किती वेळा, ते मी मोजले नाही. माझ्यापुरता हा एक पराक्रमच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

संध्याकाळचे ठिकाण होते एक झाड. मांडवगडावर गोरखचिंचेची मोठमोठी झाडे आहेत. हा वृक्ष मूळचा आफ्रिकेतला. अरब किंवा हबशी लोकांबरोबर शतकांपूर्वी तो येथे आला असावा. त्याचे खोड उंचीच्या मानाने अवाढव्य जाड असते आणि ते पाणी साठवून ठेवते. वर्षाचा बराच काळ तो निष्पर्ण असतो, तेव्हा कोणी उपटून उलटा रोवल्यासारखा दिसतो. पाऊस आला की त्याला हाताच्या पंजासारखी पाने फुटतात. फुले पांढरी, मोठी आणि रात्री उमलणारी. परागीकरण करतात ती वटवाघुळे. त्याची आंबट फळे तेथे ‘मांडू की इमली’ म्हणून विकली जातात. आम्ही चौघांनी हात पसरून खोडाला कवेत घेण्याचा प्रयत्न केला, पण वेढा पुरा झाला नाही. तेवढ्यात वाटेने चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावरची मोळी खाली ठेवली आणि आमच्यात हात मिसळले, तेव्हा तो पुरा झाला. जवळच दाईच्या महालाच्या बाजूला प्रतिध्वनी देणारी जागा आहे. तेथे मुलांनी आपापली नावे घेतली आणि दरीने ती परत केली. ध्वनी भिंतीवर आपटून परत येतो, हे मी त्या वेळी सांगितले नाही. मुलीने दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा सांगितले, आणि तिला ते समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपमतीच्या मंडपात गेलो. तेथून नर्मदा दिसते अशी ख्याती आहे, पण आम्हांला ढगांपलीकडे काहीच दिसले नाही. माझी थोडी निराशा झाली. मुलांची मुळीच झाली नाही, कारण कमानींतून ढग खरोखरीच आत येत होते आणि त्यांचे केस ओले करीत होते. नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून रूपमती अन्न घेत नसे, ही आख्यायिका मी सांगितली. मुलीने लगेच विचारले, ‘‘मग असे ढग असले तर ती उपाशी राहायची?’’ ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी गप्प राहिलो. शेजारी छत्री घेऊन उभा असलेला पहारेकरी म्हणाला, ‘‘बिटिया, तो फिर रेवाकुंड किसलिए है?’’ आणि नर्मदेचे पाणी ज्यात उतरते असे लोक मानतात, ते खालचे कुंड त्याने बोटाने दाखविले. मुलीचे समाधान झाले. पुढे १५६१ साली अकबराच्या फौजेने बाजबहाद्दुराचा पराभव केला, तो पळाला, आणि रूपमतीने विष घेतले असे सांगतात. हे मुलांना सांगावे की नाही, याची मला काळजी होती. शेवटी मी एक रीत पत्करली : खोटे सांगावयाचे नाही, आणि मूल जेथे विचारावयाचे थांबेल तेथे आपणही थांबावयाचे. मुलगी ‘‘राजा हरला’’ येथपर्यंत आली आणि तिला मक्याचे भाजलेले कणीस दिसले. आम्ही थांबलो.

मांडवगड हे केवळ एक उदाहरण झाले. आपली मराठी माणसे देशभर विखुरली आहेत आणि बहुतेक प्रत्येक गावाच्या तीन तासांच्या आत असे काहीतरी आहे. बडोदेकरांना चांपानेर-पावागड पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. २००४ पासून त्याची गणना जागतिक वारशात होते. ग्वाल्हेरकरांना बेटवेकाठचे ओरछा आहे, हैदराबादकरांना बिदरचा किल्ला आहे, आणि तंजावरच्या मराठी कुटुंबांना गंगैकोंडचोळपुरम् आहे. प्रसिद्ध स्थळच पाहिजे असेही नाही. नदीचा घाट, धरणाची भिंत, ओळखीच्या माणसाची शेती हीदेखील पुरतात. ठिकाण निवडताना तीन गोष्टी तेवढ्या पाहाव्यात : मुलाला हात लावता येईल असे तेथे काही आहे काय, दुपारी सावलीत आडवे होण्यास जागा आहे काय, आणि वेळ पडल्यास दवाखाना किती लांब आहे. यांपैकी तिसरा प्रश्न मी पूर्वी विचारीत नसे.

आपण मुलांना काय दाखविले आणि मुलांनी काय पाहिले, हे कळावयास थोडे दिवस जावे लागतात. परत आल्यावर महिनाभराने शेजारच्या आजींनी आमच्या मुलाला विचारले, ‘‘काय रे, मांडवगडावर काय पाहिलेस?’’ तो म्हणाला, ‘‘आजी, तिथे पाणी जिलबीसारखे जाते.’’ ग्रंथांतून त्या नालीची जी वर्णने मी वाचली, त्यांत याहून नेमके एकही नाही.

माझी ती पहिली यादी अजून टेबलाच्या खणात आहे. अठरापैकी पुष्कळ नावांपुढे खूण व्हावयाची राहिली आहे. होशंगशहाच्या मकबऱ्यापुढे खूण आहे खरी, पण मुलाने तो पाहिला तो माझ्या खांद्यावर झोपून. मकबरा पंधराव्या शतकापासून तेथेच आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला पुन्हा घेऊन जाऊ. तोपर्यंत त्याला जिलबी पुरेशी आहे.